दहा चौकोनांची लघवीपट्टी: बडोद्याच्या घरात ठेवावी की गल्लीतली लॅबच बरी?

बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर दहा रंगीत चौकोन, शंभर पट्ट्यांची बाटली आणि बाटलीच्या लेबलावर रंगांचा तक्ता. लघवीत बुडवायची, सेकंद मोजायचे, रंग जुळवायचे. दवाखान्यांत ही पट्टी कितीतरी वर्षं वापरात आहे. आता ती ऑनलाइन मिळते, म्हणून मधुमेहाच्या सुया आणि बीपीच्या यंत्राशेजारी फडताळात जाऊन बसते. तिच्यामुळे दोन तऱ्हेची माणसं अडचणीत येतात. ‘ब्लड’चा चौकोन हिरवा झाला म्हणून रात्रभर डोळा न लागलेली ही एक तऱ्हा. लघवी लाल दिसली होती, पण दुसऱ्या दिवशी पट्टीवर काही उमटलं नाही म्हणून महिनोन्महिने निर्धास्त राहिलेली ही दुसरी. खरी काळजी दुसऱ्यांची.

म्हणून या परीक्षणात बाकीच्या नऊ चौकोनांना थोडक्यात उरकलं आहे आणि रक्ताच्या चौकोनापाशी जास्त वेळ थांबलो आहोत. समोर धरली आहे ती मल्टिस्टिक्स १० एसजी. इतर कंपन्यांच्या पट्ट्यांचं रसायन साधारण याच घराण्यातलं असतं, पण सेकंद आणि रंगांच्या छटा वेगळ्या असतात. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या तक्त्याशी जुळवली तर निकाल कोणाचाच नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रक्त शोधण्यासाठी म्हणून ही बाटली घरात घेऊ नये. ज्यांना किडनीच्या डॉक्टरांनी घरी प्रोटीन बघत राहायला सांगितलं आहे, उदाहरणार्थ नेफ्रोटिक सिंड्रोमचं (किडनीतून प्रोटीन गळण्याच्या आजाराचं) मूल असलेलं घर, त्यांना पट्टी खरोखर उपयोगाची आहे. बाकीच्यांना शंभर पट्ट्या संपवायला जितकी वर्षं लागतील, त्याच्या आधी बाटलीवरची तारीख उलटून जाईल.

रक्ताचा चौकोन नेमकं काय बघतो ते समजून घेतलं की निम्मे घोटाळे आपोआप सुटतात. तो लाल पेशी मोजत नाही. हिमोग्लोबिनला पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखं वागायची सवय आहे. चौकोनात एक पेरॉक्साइड आणि टेट्रामिथाइलबेंझिडिन, म्हणजे टीएमबी, भरलेलं असतं. हिमोग्लोबिन मिळालं की टीएमबीचं ऑक्सिडेशन होतं आणि पिवळट-नारिंगी चौकोन हिरवा, मग गडद निळा होत जातो. म्हणजे जे काही पेरॉक्सिडेजसारखं वागेल किंवा टीएमबीला थेट ऑक्सिडाइझ करेल, त्याला हा चौकोन ‘रक्त’ म्हणतो. पेशी अखंड असतील तर त्या कागदावर येऊन फुटतात आणि हिरवे ठिपके उमटतात. पेशी आधीच फुटलेल्या असतील तर सगळा चौकोन एकसारखा रंगतो. ठिपके की सपाट रंग, हे लेबलावर वेगवेगळं छापलेलं असतं आणि बहुतेक जण त्याकडे बघतच नाहीत.

बडोद्याच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगण्याजोगी. टीएमबी यायच्या आधी रक्त शोधायला साधं बेंझिडिन वापरत. तेच बेंझिडिन रंगांच्या कारखान्यांत वापरलं जायचं आणि त्याच्यामुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालं. रक्त शोधायचं रसायनच रक्त यायचं कारण ठरत होतं, म्हणून १९७०च्या दशकात टीएमबी हे जरा निरुपद्रवी भावंड पुढे आलं. आपल्याकडे नंदेसरीच्या बाजूला रसायनांचे कारखाने आहेत. घरातल्या कोणी रंग, रबर किंवा अशा अॅरोमॅटिक अमाइन (बेंझिडिनच्या घराण्यातली रसायनं) हाताळणाऱ्या कारखान्यात नोकरी केली असेल, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली असली तरी, ती माहिती डॉक्टरांना स्वतःहून द्यावी. बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

आता संवेदनशीलता. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे चौकोन लिटरला १५० ते ६२० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ओळखतो, म्हणजे मायक्रोलिटरमागे साधारण ५ ते २० अखंड लाल पेशी. तक्त्यावरच्या पायऱ्या ढोबळमानाने अशा: ट्रेस म्हणजे १०, एक प्लस २५, दोन प्लस ८०, तीन प्लस २००. सूक्ष्मदर्शकाखाली एका फील्डमध्ये (भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात) दिसणारी एक पेशी म्हणजे मायक्रोलिटरला पाचेक पेशी, असा अंदाज धरला तर ‘ट्रेस’ म्हणजे फील्डला दोन. इतक्या पेशी धडधाकट माणसाच्या लघवीतही असतात. पट्टी इतकी तीक्ष्ण असणं हा तिचा गुण, आणि घरी वापरणाऱ्याच्या झोपेचा शत्रूही तोच.

खोटं पॉझिटिव्ह कुठून येतं? पहिलं, ब्लीच. टॉयलेट धुवायच्या हायपोक्लोराइटने विसळलेला डबा, किंवा नुकतंच ब्लीच ओतलेल्या भांड्यातून घेतलेली लघवी, टीएमबीला सरळ निळं करते. लघवीत रक्ताचा कणही नसतो. दुसरं, जंतुसंसर्गातल्या काही जंतूंचं स्वतःचं पेरॉक्सिडेज. तिसरं, पाळी. पाळी चालू असताना किंवा थांबून एखादा दिवस झाला असताना घेतलेला नमुना वाया गेला असं समजावं. चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. चौथं, मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूंतलं हिमोग्लोबिनसारखं प्रथिन, त्याच्याबद्दल पुढे.

आणि पाचवं, जिथे रक्त खरं असतं पण आजार नसतो, ते म्हणजे गरबा. हे विनोदाने लिहिलेलं नाही. कडक व्यायामानंतर, लांब धावण्यानंतर किंवा रात्र रात्र नाचण्यानंतर लघवीत लाल पेशी आणि थोडं प्रोटीनही येऊ शकतं, आणि विश्रांती घेतली की एक ते तीन दिवसांत ते नाहीसं होतं. नवरात्रात नऊ रात्री मैदान गाजवून दसऱ्याला हेल्थ चेकअपचं पॅकेज उरकणाऱ्यांच्या रिपोर्टवर ‘ऑकल्ट ब्लड प्लस’ (डोळ्यांना न दिसणारं रक्त) आलं तर नवल नाही. कोजागिरी जवळ येऊ द्यावी, मधले तीन दिवस पाय दुखवू नयेत, मग नमुना द्यावा. तेव्हाही पेशी दिसल्या तर मात्र गरब्यावर ढकलता येणार नाही.

खोटं निगेटिव्ह जास्त फसवं असतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांच्या लघवीत ॲस्कॉर्बिक ॲसिड उतरतं आणि ते रंग येण्याआधीच ऑक्सिडेशन खाऊन टाकतं. काही कंपन्या यावर उतारा म्हणून चौकोनात आयोडेट घालतात. आपल्या बाटलीत आहे का ते माहितीपत्रकात बघावं. कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीनेही चौकोन मंदावतो. उन्हाळ्यात अगदी घट्ट, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी वरच्या टोकाला गेलेली लघवी असेल तर पेशी कागदावर नीट फुटत नाहीत आणि रंग फिका येतो. आणि सगळ्यांत साधं कारण: नमुना अर्धा तास टेबलावर ठेवला, पेशी तळाला बसल्या, आणि न हलवता वरच्या पाण्यात पट्टी बुडवली.

साठवणीत बडोद्याची हवा आडवी येते. बाटली १५ ते ३० अंशांत ठेवायची असते, फ्रिजमध्ये ठेवायची नाही. मे महिन्यात पंख्याखालची खोलीसुद्धा ३० अंशांत राहत नाही, आणि कुरिअरच्या गाडीत ती बाटली किती तापून आली हे कोणी सांगू शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये विश्वामित्री भरून वाहते तेव्हा घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. पट्टीचं तेच होतं. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीत नायट्राइटचा चौकोन नुसत्या हवेने गुलाबी व्हायला लागतो आणि मग घरातल्या सगळ्यांनाच इन्फेक्शन निघतं. झाकणातली किंवा पुडीतली ओलावा शोषणारी गोळी काढून टाकू नये. बाटली बाथरूममध्ये ठेवू नये. उघडल्याची तारीख पेनाने लेबलावर लिहावी. आणि वापरण्याआधी कोरडी पट्टी तक्त्यातल्या निगेटिव्ह रंगांशी ताडून बघावी. कोरडीच गडद दिसली तर आख्खी बाटली कचऱ्यात. पैसे वाचवायला पट्टी उभी कापून दोन करणारे लोक आहेत. त्यांच्या काटकसरीला दाद द्यावी, निकालाला देऊ नये.

बुडवायची रीत साधी आहे, पण चुका तिथेच होतात. नमुना ताजा, हलवून एकजीव केलेला. सगळे चौकोन बुडतील इतकीच पट्टी आत, आणि लगेच बाहेर. जास्त वेळ बुडवली की चौकोनांतली रसायनं धुऊन जातात. बाहेर काढताना कड डब्याच्या काठाला घासावी, मग कडेनेच टिश्यूवर टेकवावी आणि पट्टी आडवी धरावी. उभी धरली तर प्रोटीनच्या चौकोनातलं आम्ल ओघळून पीएचच्या चौकोनात जातं आणि पीएच खोटा उतरतो. मग घड्याळ: ग्लुकोज आणि बिलिरुबिन ३० सेकंदांना, कीटोन ४०, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी ४५, रक्त, पीएच, प्रोटीन, युरोबिलिनोजेन आणि नायट्राइट ६० सेकंदांना, ल्यूकोसाइट (पांढऱ्या पेशी) २ मिनिटांना. दोन मिनिटांनंतर बदलणाऱ्या रंगाला काही अर्थ नाही. पट्टी बेसिनवर ठेवून चहा टाकायला गेलं आणि परत येऊन बघितलं तर जे दिसेल ते सोडून द्यावं. उजेड दिवसाचा किंवा पांढऱ्या दिव्याचा हवा. पिवळ्या बल्बखाली पिवळ्याचा हिरवा कधी झाला ते कळत नाही. लाल-हिरवा ओळखण्यात अडचण असलेल्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावं.

बाकीचे चौकोन झटपट. प्रोटीनचा चौकोन मुख्यतः अल्ब्युमिन ओळखतो. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातली हलकी प्रथिनं त्याला जवळजवळ दिसत नाहीत, आणि फार अल्कलाइन लघवीत तो उगाच रंगतो. नायट्राइट यायला लघवी मूत्राशयात चारेक तास थांबलेली असावी लागते, म्हणून दर तासाला जाणाऱ्याचं इन्फेक्शन त्यात सापडत नाही. शिवाय सगळे जंतू नायट्राइट बनवत नाहीत. ग्लुकोजबद्दल एक सूचना: डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर चौकोन गडद होणारच, कारण साखर लघवीवाटे काढणं हेच त्या गोळीचं काम आहे. ते बघून घाबरून दुसऱ्या गोळीचा डोस वाढवू नये.

आता पट्टीला पर्याय काय, तर लॅबमधली ‘युरिन रुटीन-मायक्रो’. रक्ताच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं, कारण तिथे माणूस भिंगातून पेशी बघतो. निदान बघायला हवा. रीत अशी: १० ते १२ मिली लघवी नळीत, ५ मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये, साधारण ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) जोराने, म्हणजे यंत्राच्या आकाराप्रमाणे मिनिटाला १५०० ते २००० फेरे. वरचं पाणी ओतून खाली अर्धा ते एक मिली साका ठेवायचा, तो हलवून थेंब काचेवर, आणि ४०च्या भिंगाखाली निदान दहा फील्ड बघून सरासरी. रिपोर्टवरचं ‘आरबीसी ३–५/एचपीएफ’ म्हणजे ही सरासरी: आरबीसी म्हणजे लाल पेशी, एचपीएफ म्हणजे एक फील्ड. अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या (मूत्रमार्गाच्या सर्जनांच्या) संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे नीट घेतलेल्या एकाच नमुन्यात फील्डला ३ किंवा त्याहून जास्त लाल पेशी दिसल्या तर त्याला मायक्रोस्कोपिक हिमॅच्युरिया (भिंगाखालीच दिसणारं लघवीतलं रक्त) म्हणायचं, आणि नुसत्या पट्टीवरून ते नाव द्यायचं नाही. पट्टी पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी भिंग.

या सेवेत बडोद्यात कुठे पाणी मुरतं ते आता. घरी येऊन नमुना नेणारी सेवा रक्तासाठी उत्तम आहे, उपाशी माणसाला दांडिया बाजारातून उन्हात जावं लागत नाही. लघवीसाठी मात्र आम्ही ती टाळू. सकाळी सातला पहिल्या घरी उचललेली डबी आणखी दहा घरं फिरून लॅबवर पोचायला दोन-तीन तास लागतात. तोवर ती स्कूटरच्या डिकीत चाळीस अंशांत शिजत असते. खोलीच्या तापमानाला दोन तासांपलीकडे लघवी बदलायला लागते: जंतू वाढतात, पीएच चढतो, लाल पेशी फुटतात, कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार होणारे साचे) विरघळतात. ‘चालशे’ असं उत्तर मिळालं तरी विचारून घ्यावं की डबी बर्फाच्या पेटीतून जाते का. २ ते ८ अंशांत ठेवली तर चोवीस तास तग धरते, पण गारव्याने स्फटिक जमतात आणि रिपोर्टवर ‘क्रिस्टल्स’ जास्त दिसतात, तेही लक्षात ठेवावं. सगळ्यांत चांगलं म्हणजे लॅबमध्येच जाऊन नमुना देणं. गल्लीतली छोटी लॅब, जिथे टेक्निशियन अर्ध्या तासात स्लाइड लावतो, ती या एका तपासणीपुरती चकचकीत साखळीपेक्षा सरस ठरते. पण ती सेंट्रिफ्यूज फिरवते की डबीतला थेंब तसाच काचेवर टाकते, हे काउंटरवर सरळ विचारावं. आणखी एक प्रश्न: पट्टी निगेटिव्ह आली तर तुम्ही मायक्रोस्कोपी करता की नाही? काही ठिकाणी करत नाहीत. रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि पोचल्याची वेळ छापलेली असते. दोहोंत तीन तासांचं अंतर दिसलं तर लाल पेशींच्या रकान्यावर फार विसंबू नये.

नमुना देणाऱ्याच्या बाजूनेही चुका असतात. डबी लॅबचीच घ्यावी. लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी लोणच्याचीच. जागा साध्या पाण्याने धुवावी, डेटॉल लावू नये. पुरुषांनी कातडी मागे घ्यावी. सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली डबीत, शेवटची पुन्हा सोडून. तीस-चाळीस मिली पुरे. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स भरपूर आले तर बाहेरच्या त्वचेची भेसळ झाली असं धरावं आणि नमुना पुन्हा द्यावा, पस सेल्सचा (पांढऱ्या पेशींचा) अर्थ लावत बसू नये.

आणखी एक चूक फार नित्याची आहे. सोनोग्राफीसाठी दीड लिटर पाणी पिऊन फुगवलेलं मूत्राशय रिकामं करतानाच लघवीचा नमुनाही देऊन टाकतात. एका फेरीत दोन कामं. ती लघवी जवळपास पाणीच असते. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१०च्या खाली, आणि त्या पातळ पाण्यात लाल पेशी फुगून फुटतात. मग रिपोर्ट येतो ‘ब्लड दोन प्लस, आरबीसी निल’, आणि घरात वाद सुरू होतो की यंत्र खरं की भिंग. दोन्ही खरी. सकाळची पहिली, घट्ट लघवी पुन्हा द्यावी.

हीच ‘ब्लड प्लस, आरबीसी निल’ जोडी घट्ट लघवीतही कायम राहिली तर मात्र ती वेगळी गोष्ट. लघवी सेंट्रिफ्यूज केल्यावर लाल रंग तळाला बसला तर त्या पेशी. वरचं पाणीच लाल राहिलं आणि पट्टी पॉझिटिव्ह असेल तर हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन. रक्तपेशी शरीरातच फुटत असतील तर रक्ताचा प्लाझ्माही लालसर दिसतो. स्नायू तुटून मायोग्लोबिन येत असेल तर प्लाझ्मा स्वच्छ असतो आणि रक्तातलं सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) प्रचंड वाढलेलं निघतं. अंगदुखी, जडावलेल्या मांड्या आणि कोऱ्या चहासारखी लघवी ही त्रयी जिममध्ये पहिल्याच दिवशी अतिरेक केलेल्यांत, चिरडून झालेल्या इजेत किंवा क्वचित स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेणाऱ्यांत दिसते. त्यात किडनी बंद पडू शकते, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

उलटी जोडी, म्हणजे पट्टी निगेटिव्ह आणि ‘आरबीसी १०–१२’, आली तर आधी व्हिटॅमिन सी आणि जुनी पट्टी आठवावी. मग हेही लक्षात घ्यावं की यीस्ट, तेलाचे थेंब आणि काही ऑक्झलेटचे स्फटिक लाल पेशींसारखे दिसतात. चांगला टेक्निशियन काचेच्या कडेला पातळ ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडतो. लाल पेशी विरघळतात, यीस्ट तसंच राहतं.

पेशी खऱ्या आहेत हे ठरल्यावर सोबतीला काय आहे ते बघायचं. पस सेल्स भरपूर, नायट्राइट पॉझिटिव्ह, जळजळ आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग. कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) करून औषध घ्यावं, आणि औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासावी. ही पुन्हा तपासायची पायरी जवळपास सगळे गाळतात. पस सेल्स आहेत पण कल्चरमध्ये वारंवार काहीच उगवत नाही, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावाच लागतो, आणि त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते. कमरेतून जांघेकडे जाणारी कळ आणि लाल पेशी असतील तर मुतखडा. गुजरातच्या उन्हाळ्यात त्याला तोटा नाही. पण खडा असूनही लघवीत रक्त न सापडणारे रुग्ण थोडेथोडके नसतात. रिपोर्ट स्वच्छ म्हणून कळ अंगावर काढू नये.

लाल पेशींबरोबर प्रोटीन दोन प्लस, पायांना आणि डोळ्यांखाली सूज, बीपी चढलेलं असेल तर रोख किडनीच्या गाळण्यांकडे वळवावा. इथे पेशींचा आकार बोलतो: गाळणीतून रगडून आलेल्या लाल पेशी वेड्यावाकड्या, काहींच्या कडेला फुगे आलेले, त्यांना ॲकॅन्थोसाइट म्हणतात. लाल पेशींचा कास्ट दिसला तर शंकाच नको. मुलांमध्ये घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी किंवा कातडीवरच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा किडनीचा दाह. घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत, लघवी लाल झाली तर आयजीए नेफ्रोपथी या गाळण्यांच्या आजाराचा संशय घेतात. दोन्हींत यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) जावं. ‘डिस्मॉर्फिक आरबीसी’ (वेड्यावाकड्या लाल पेशी) हा शब्द लिहून मागितल्याशिवाय सहसा कोणी बघत नाही, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा. आणि छोटा उदेपूरच्या बाजूच्या आदिवासी कुटुंबांतल्या कोणाला विनाकारण रक्त जात असेल तर सिकलसेलची तपासणी आधी; नुसता वाहक असला तरी किडनीतून रक्त येऊ शकतं.

लघवीत गुठळ्या असतील तर गाळण्यांवरचा संशय सहसा सुटतो आणि नजर खालच्या मार्गाकडे जाते. दुखत नाही, ताप नाही, एकदाच लघवी लाल झाली आणि आपोआप साफ झाली, याइतकं फसवं लक्षण दुसरं नाही. मूत्राशयातली गाठ अशीच वागते: एक दिवस रक्त, मग महिनाभर काही नाही. त्या मधल्या महिन्यात बुडवलेली पट्टी निगेटिव्ह येणारच. अमेरिकेतल्या त्याच मार्गदर्शनात डोळ्यांना दिसलेलं रक्त, फील्डला २५हून जास्त पेशी, साठीपुढचं वय (२०२५च्या सुधारणेनंतर पुरुषांपुरतंच) किंवा ३० पॅक-इयरपेक्षा जास्त धूम्रपान हे जास्त जोखमीचे धरले आहेत. रोज वीस सिगारेटचं एक पाकीट वर्षभर, म्हणजे एक पॅक-इयर. अशांना दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं आणि सीटी यूरोग्राफी सांगतात. याउलट चाळिशीच्या आतला, कधी न ओढलेला, फील्डला ३ ते १० पेशी असलेला माणूस कमी जोखमीचा. त्याला सहा महिन्यांत पुन्हा लघवी तपासली तरी चालतं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून रक्त आलं असेल, हा तर्क या मार्गदर्शनाला मान्य नाही. गोळीवाल्यांचीही तपासणी तितकीच पूर्ण करायची. यासाठी बडोद्याबाहेर फार लांब जावं लागत नाही. शहरात सयाजी रुग्णालय आहे, आणि मूत्रविकारांसाठी नाव असलेलं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल नडियादला, गाडीने तासाभरावर.

पट्टीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी होते, क्षयाच्या रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते. तिथे रक्ताचा चौकोन पिवळाच राहिला तर जीव भांड्यात पडतो. पण रंग फार गडद असेल, विशेषतः जळजळीवरच्या फेनाझोपिरिडिनमुळे, तर सगळेच चौकोन त्या रंगात बुडतात आणि काही वाचता येत नाही. भरपूर रक्त असलेल्या लघवीचंही तेच, शिवाय तिथे प्रोटीनचा चौकोनही रक्तामुळेच रंगतो.

लघवी लाल दिसली तर पट्टी शोधण्याआधी पांढऱ्या उजेडात डबीचा फोटो काढावा, तारीख-वेळेसह. धारेच्या सुरुवातीला लाल होती, शेवटी होती की सगळीच होती, गुठळ्या होत्या का, आदल्या दिवशी काय खाल्लं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून ठेवावं. ताजा नमुना शक्यतो दोन तासांत लॅबच्या काउंटरवर पोचवावा. गुठळ्यांमुळे लघवी अडली, ओटीपोट ताणून दुखायला लागलं, तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सी गाठावी.